बोथ्यापर्यंत खिडकी

खामगावच्या बसस्थानकात गाडी लागली, की आधी तिच्यात माणसं चढत नाहीत. आधी रुमाल चढतात. खिडकीतून हात आत जातो, सीटवर रुमाल पडतो, आणि जागा झाली. मग रुमालाच्या मालकानं खुशाल चहा प्यावा, ओळखीच्या माणसाच्या गुडघ्यांची चौकशी करावी, कंडक्टर बेल मारायच्या बेतात असताना वर चढावं. जागा त्याची वाट पाहत असते. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्खे भाऊ पंचवीस वर्षं कोर्टात उभे राहतात असा हा मुलूख, पण सीटवरचा रुमाल बाजूला सारून कोणी तिथं बसल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही.

त्यामुळे डिसेंबरातल्या त्या सोमवारी सव्वाआठच्या बुलढाणा गाडीत जे झालं, ते जरा अवघडच होतं. खिडकीच्या एका जागेवर दोन रुमाल पडले होते.

खालचा पांढरा रुमाल रेणुकाचा. रेणुका एकोणतीस वर्षांची. बुलढाण्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामाला. लोकांच्या शेतात काय कमी आहे ते ती दिवसभर शोधायची. स्वतःचा नमुना तिनं अजून कुठं दिला नव्हता. वरचा रुमाल हळदीसारखा पिवळा. त्याची मालकीण सीटजवळ उभी होती — उंच, सावळी, कानाजवळचे केस कापलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"हा माझा रुमाल आहे," रेणुका म्हणाली.

"अन् हा माहा," ती म्हणाली. "तुमचा खाली हाय, माहा वर. म्हणजे तुमचा आधी पडला."

भांडण संपलं असं रेणुकाला वाटलं. ती बसायला लागली.

"पण माहा पिवळा हाय. लवकर दिसते."

"त्याचा काय संबंध?"

"काईच नाही. पण हारायच्या आधी बोलून पाहाव लागते."

रेणुकाला हसू आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिनं पर्समध्ये काहीतरी शोधलं. तिला काही सापडलं नाही, कारण ती काही शोधत नव्हती.

"असं करू," पिवळ्या रुमालाची म्हणाली. "बोथ्यापर्यंत खिडकी तुमची. बोथ्यापासून बुलढाण्यापर्यंत माही."

"पण बोथ्याजवळ जंगल लागतं. चांगला भाग तुम्हालाच."

"मले वाटलंच, तुमी हुशार असान."

गाडी सुटली. रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. तारांवर, बाभळींवर, माणसांच्या टोप्यांवर कापूस उडून चिकटला होता. शेजारीण बराच वेळ खाली पाहत होती. मग हळूच म्हणाली, "एक विचारू? हा पाय तुमचाच हाय न?"

"हो. का?"

"नाही, खामगाव सोडल्यापासून हलून राह्यला. मले वाटलं, गाडीचा हाय."

रेणुकानं पाय थांबवला. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

"सवय आहे," ती म्हणाली.

"झोप येते?"

"येते. रात्रीतून दोन-तीनदा येते. थांबत नाही."

या उत्तरावर तिनं रेणुकाकडे नीट पाहिलं — म्हणजे आतापर्यंत ती नीट पाहत नव्हती, हे रेणुकाला तेव्हा कळलं. तिनं पिशवीतून एक कागद काढून दिला. हातानं लिहिलेला, झेरॉक्स काढलेला.

*सर्वांसाठी योग. रोज सकाळी सहा, समाजमंदिर. मॅट नको, घरची गोधडी आणा. गाऊन चालेल, लुगडं चालेल, वाकता येत नसलं तरी चालेल. फी जमेल तेवढी दाराजवळच्या डब्यात टाका. जमत नसेल तर डब्याकडे पाहू नका. बाई असा, बुवा असा, दोन्ही नसा किंवा अजून ठरलं नसेल, तरी चालेल. कोणावर जीव जडतो हेही इथं विचारलं जात नाही. पाठ सगळ्यांनाच असते. — धम्मशीला.*

"हे शेवटचं..." रेणुका म्हणाली.

"काऊन? चूक हाय? तुमाले पाठ नाही?"

"आहे."

"मंग या."

बोथा आला. चालत्या गाडीत जागा बदलायची म्हणजे एकीनं उठायचं, दुसरीनं सरकायचं, आणि त्यात गाडीला एक खड्डा लागायचा. लागला. रेणुका सावरली तेव्हा धम्मशीलाचा हात तिच्या कोपराखाली होता आणि चेहरा... बराच जवळ.

"थांबा," धम्मशीला म्हणाली. "कापूस."

तिनं रेणुकाच्या केसातला कापसाचा पुंजका काढला. तो फेकला नाही. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. रेणुकानं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. पुढचं सगळं जंगल तिनं खिडकीकडे बघत काढलं. खिडकीत धम्मशीला बसली होती, याला तिचा इलाज नव्हता.

*

रेणुका खामगावात अन्नपूर्णाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायची. गाव वरवट बकाल, तिथं आई-वडील. त्यांना वाटायचं, पोरगी नोकरीमुळे बेचैन आहे. नोकरीतल्या लोकांना वाटायचं, घरच्यांमुळे. खरं कारण रेणुकाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं, पण कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गोधडी घेऊन समाजमंदिरात गेली. बरोबर अन्नपूर्णाबाई होत्या, आपले दोन गुडघे घेऊन. त्या नको म्हणत असतानाच चपला घालून तयार झाल्या होत्या.

हॉलमध्ये थंडगार फरशी, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि मधोमध एक सुतळी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीवर ताणलेली. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया. सुतळी समाजमंदिराच्या कमिटीची होती. कमिटीचे अध्यक्ष उकंडराव, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले मुकादम. सुतळी दोन इंच वर असल्यानं पहिल्या आठवड्यात तीन वेळा कोणी ना कोणी अडखळून पडलं होतं, पैकी दोन वेळा स्वतः उकंडराव. पण शिस्त म्हणजे शिस्त.

इथंही रुमालाचाच कायदा चालायचा. लवकर येणारा आपला आणि शेजाऱ्याचा रुमाल टाकून ठेवायचा. उकंडराव तर रोज पंख्याखाली रुमाल टाकायचे. डिसेंबरात पंखा बंद होता, पण जागा जाऊ नये.

"आता जोड्या करा," धम्मशीला म्हणाली. "पाठीले पाठ लावून बसा. शेजारी श्वास घेतो का नाही, एवढंच पाहा."

त्या दिवशी बायांची संख्या विषम होती. रेणुका एकटी उरली. धम्मशीला येऊन तिच्या पाठीमागे बसली.

पाठीतून दुसऱ्याचा श्वास कळतो, हे रेणुकाला माहीत नव्हतं. धम्मशीलाचा श्वास संथ होता... मग थोडा कमी संथ झाला.

"तुमी श्वास घेऊन नाही राह्यल्या," धम्मशीला म्हणाली.

"घेते आहे."

"घ्या बाप्पा. नाही तर उकंडरावकाका मले जबाबदार धरतीन."

मग शवासन. सगळा हॉल मेल्यासारखा पडला. उकंडराव पहिल्या मिनिटाला घोरू लागले. रेणुकाचा पाय मात्र गोधडीखाली चालूच. धम्मशीला पावलांचा आवाज न करता आली, तिच्या घोट्यावर दोन बोटं ठेवली आणि पुढे गेली. पाय थांबला. बाकीची रेणुका सुरू झाली.

त्यानंतर बायांची संख्या रोज विषमच निघू लागली. अन्नपूर्णाबाई जोड्यांच्या वेळेला नेमक्या पाणी प्यायला जायच्या. त्यांना तेव्हाच तहान का लागते, हे रेणुकानं विचारलं नाही.

*

तिसऱ्या आठवड्यात जयमाला आली.

जयमालाला सगळं खामगाव ओळखायचं. बाजाराच्या दिवशी दुकानादुकानांत टाळी वाजवून आशीर्वाद देणारी, हिरव्या काठाच्या साडीतली, पन्नाशीची. तिच्याकडून बरकत घेताना लोक हात जोडायचे. ती गेल्यावर दुकानापुढं पाणीही मारायचे. ती दारात गोधडी घेऊन उभी राहिली आणि धम्मशीलानं न सांगता सगळ्या हॉलनं श्वास रोखला.

"खांदे धरते हो," जयमाला म्हणाली. "दिवसभर लोकायले आशीर्वाद द्या लागते."

उकंडराव उठून बसले. त्यांनी आधी जयमालाकडे पाहिलं, मग सुतळीकडे. सुतळीच्या दोनच बाजू होत्या. मुकादमकीच्या चाळीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता.

"तुमी... कोणत्या बाजूले?"

"जिथं पाठ टेकन तिथं."

उकंडराव पुन्हा सुतळीकडेच पाहू लागले. जयमालानं गोधडीची घडी पुन्हा काखेत घेतली. हे तिला नवं नव्हतं. तेवढ्यात धम्मशीला सहज, हजेरी घेतल्यासारखी म्हणाली, "अवो, कुठं चालल्या? तो हिरवा रुमाल तुमच्यासाठीच टाकून ठेवला न."

सगळ्यांच्या माना वळल्या. हॉलच्या मध्यावर, बरोबर सुतळीवर, एक हिरवा रुमाल पसरला होता. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

उकंडराव तोंड उघडून थांबले. सुतळी कमिटीची होती, पण रुमाल होता रुमाल. ते सावकाश आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "टाकला असन तर मंग काय... बसा."

वर्ग सुटल्यावर रेणुका पायरीवर बसली. कोवळं ऊन होतं. धम्मशीला शेजारी येऊन बसली, मध्ये एका रुमालाची जागा ठेवून.

"तो रुमाल तुम्ही कधी टाकला?" रेणुकानं विचारलं.

"ती दारात दिसली तवा. पायानं सरकवला."

रेणुका हसली. धम्मशीला हसली नाही; ती समोरच्या तारेवरचा कापूस पाहत होती.

"पुण्यात मी ज्या क्लासात शिकली न, तिथं एक दिवस त्याईले समजलं. मले बाया आवडतात — म्हणजे तशा — हे. कोणी काई म्हणलं नाही. चांगले लोकं होते. फक्त माह्या आजूबाजूच्या मॅटी रोज थोड्या थोड्या सरकत गेल्या. शेवटी माह्याभोवती एवढी जागा झाली, का त्यात एखादं लग्न लागलं असतं. म्हणून इथं गोधड्या. गोधडी सरकत नाही लवकर."

हीच ती वेळ, असं तिला स्वच्छ कळलं. अकरा वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, त्याचं उत्तरच कोणीतरी शेजारी आणून ठेवलं होतं. फक्त 'मलाही' म्हणायचं होतं. तीन अक्षरं.

"बरं," रेणुका म्हणाली.

धम्मशीलानं तिच्याकडे पाहिलं.

"माझी गाडी आहे," रेणुका म्हणाली आणि उठली.

रविवार होता. प्रयोगशाळा बंद होती. हे दोघींनाही माहीत होतं.

*

सोमवारी रेणुका सातच्या गाडीनं गेली. मंगळवारी तिला ताप आहे असं तिनं अन्नपूर्णाबाईंना सांगितलं, आणि बुधवारी ताप उतरला नाही असं. गुरुवारीही सातची गाडी. धम्मशीला सोमवारी आणि गुरुवारी सव्वाआठच्या गाडीनं बुलढाण्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात शिकवायला जाते, हे तिला पाठ झालं होतं. त्यामुळे टाळणं सोपं होतं. बाकी काहीच सोपं नव्हतं. प्रयोगशाळेत तिनं एका शेतकऱ्याच्या अहवालावर दुसऱ्याचा नत्र लिहिला आणि दोघांनाही पुन्हा बोलवावं लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी अन्नपूर्णाबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांना न जुमानता आल्या, म्हणजे काम मोठं होतं.

"चार दिवस झाले, तुह्या खोलीतून चालायचा आवाज येऊन राह्यला. एवढं सरळ चालली असती तर शेगावले पोचून वापसही आली असती."

"झोप येत नाही, काकू."

"वर्गातही कोणी येऊन नाही राह्यलं. आज नऊ मुंडके."

आणि मग सगळं कळलं. कमिटीकडे अर्ज आला होता: वर्गात भलतेसलते लोक येतात, मास्तरीणही तसलीच आहे म्हणतात, समाजमंदिराचं पावित्र्य वगैरे. अर्ज निनावी होता. अक्षर समाजमंदिराभोवतीच्या सगळ्या नगरानं ओळखलं होतं, आणि ओळखलं नाही असं ठरवलं होतं. उकंडरावांनी तोडगा काढला होता: रविवारी पंचवीस माणसं आली तर वर्ग चालू; नाही तर लग्नसराईभर हॉल मंडपवाल्याला, कढया ठेवायला.

"आणि धम्मशीला?"

"म्हणते, वर्ग गेला तर पुण्याले चालली जाईन. तिथं कोणी बलावून राह्यलं तिले." अन्नपूर्णाबाईंनी पदरानं गुडघा पुसला, गुडघ्याला काही लागलेलं नसताना. "परवा मले विचारत होती, रेणुकाचा ताप कसा हाय म्हणून. म्या म्हणलं, थर्मामीटरमंधी नाही दिसत."

रेणुका उभी होती ती बसली. बसली ती पुन्हा उभी राहिली.

"लोक का येत नाहीत, काकू? तुमच्या समोरच्या कुसुमबाई, ते टेलरमास्तर... ते तर वाईट नाहीत."

"वाईट कोण हाय? पहिले कोण जाते, हे पाहून राह्यले सगळे. एकदा मांडी घालून बसले, का उठत नाहीत. पण बसाव कोणी?"

खोलीच्या दोरीवर पांढरा रुमाल वाळत होता. रेणुका त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. पाय थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही, अन्नपूर्णाबाईंच्या आलं.

*

शनिवारी संध्याकाळी रेणुका एक पिशवी घेऊन नगरात निघाली. प्रत्येक दारात ती एकच वाक्य म्हणाली.

"रुमाल द्या. जागा धरायची आहे."

कशाची, कुठली, किती वाजताची, असं कोणी विचारलं नाही. आपल्यासाठी कोणी जागा धरत आहे म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कुसुमबाईंनी धुतलेला दिला. टेलरमास्तरांनी कोरा फाडून दिला. एका घरात रुमाल नव्हता तर त्यांनी लहान टॉवेल दिला आणि "चालन न?" असं काळजीनं विचारलं.

शेवटी ती उकंडरावांच्या दारात गेली. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"काका, रुमाल द्या."

"कायले?"

"उद्या सकाळची जागा धरायची आहे."

उकंडरावांचा हात खिशाकडे गेला, कारण तो चाळीस वर्षं तसाच जात आला होता. रुमाल दिल्यावर ते क्षणभर विचारात पडले. मग घरात ओरडले, "अवो, तुहाही दे. जागा धरून राह्यली पोरगी."

रविवारी साडेपाचला, चावी असलेल्या अन्नपूर्णाबाईंना बरोबर घेऊन रेणुका हॉलमध्ये होती. तिनं रुमाल अंथरायला सुरुवात केली. घाईत ती सुतळीला अडकून पडली. उठून तिनं गाठ सोडली, सुतळीचा गुंडा केला आणि खिडकीत ठेवला. मग रुमाल हाताला येतील तसे पडत गेले — टेलरमास्तरांचा कुसुमबाईंशेजारी, उकंडरावांचा पंख्याखाली, त्यांच्या बायकोचा हिरव्या रुमालाला लागून.

सहाला धम्मशीला आली. तिच्या हातात चटई गुंडाळलेली होती आणि चेहरा निरोप द्यायला आलेल्या माणसाचा. ती दारातच थांबली. फरशीवर एकेचाळीस रुमाल होते, आणि मध्ये रेणुका, केस विस्कटलेली.

"ताप उतरला?" धम्मशीलानं विचारलं.

"नाही," रेणुका म्हणाली.

तेवढ्यात माणसं यायला लागली. आधी दारातून डोकावायची, आपला रुमाल शोधायची, आणि तो दिसला की चेहऱ्यावर समाधान यायचं. धरलेली जागा सोडून जायची कशी? बसली. एक बसलं की दुसरं. उकंडरावांची बायको आपल्या रुमालावर बसली, शेजारी पाहिलं, शेजारी जयमाला. थोडा वेळ दोघीही सरळ समोर पाहत होत्या.

"तुमचे खांदे धरतात म्हणे," उकंडरावांची बायको म्हणाली.

"हो न बाई."

"माही कंबर."

यानंतर त्या दोघी वर्गभर बोलत राहिल्या आणि धम्मशीलाला त्यांना तीनदा गप्प करावं लागलं.

उकंडरावांनी उभं राहून माणसं मोजली. त्यांना दोनदा मोजावी लागली, कारण पहिल्या वेळी ते स्वतःला विसरले. एकेचाळीस भरली. मग त्यांना सुतळी नाही हे दिसलं. त्यांनी खिडकीतला गुंडा उचलला, बोटांनी चाचपला.

"ही कुजली हाय," ते अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले. "नवी घ्या लागन. ते कमिटीच्या पुढच्या बैठकीत मंजूर व्हाव लागते." कमिटीची मागची बैठक दोन वर्षांपूर्वी झाली होती. "तवरोक... चालू द्या."

रेणुका भिंतीला टेकून उभी होती. एकेचाळीस माणसांच्या जागा धरताना तिचा स्वतःचा रुमाल माडीवर दोरीवरच राहिला होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

धम्मशीलानं तिला पाहिलं. पिशवीतून पिवळा रुमाल काढला आणि आपल्या चटईला लागून, मध्ये काहीच अंतर न ठेवता, पसरला. सगळ्यांसमोर. अन्नपूर्णाबाईंनी तेवढ्यात पाणी प्यायला जायचं टाळलं. हे त्यांना पाहायचं होतं.

शवासनात, उकंडरावांच्या घोरण्याच्या आडोशानं, धम्मशीला छताकडे पाहत हळू म्हणाली, "रुमालायचं तुमी लय भारी केलं."

"हं."

"पण त्या 'बरं'चं काय करू मी? आठ दिवस झाले, घेऊन फिरून राह्यली. कुठं ठेवाव समजत नाही."

रेणुकानं तोंड उघडलं. शेजारी जयमाला होती, पलीकडे टेलरमास्तर, आणि अचानक कोणीच घोरत नव्हतं.

"मी रुमाल टाकला ना," ती पुटपुटली. "सगळ्यांसाठी..."

"माह्यासाठी नाही भागत त्यानं. मले आईकाव लागते, रेणुका. एकदा मॅटी सरकल्या न, का मग माणूस नुसतं पाहून खरं मानत नाही."

रेणुकाचा पाय सुरू झाला. या वेळी धम्मशीलानं बोटं ठेवली नाहीत.

"उद्या सव्वाआठची गाडी आहे," रेणुका शेवटी म्हणाली.

"बरं," धम्मशीला म्हणाली.

*

सोमवारी रेणुका पावणेआठलाच स्थानकात होती. गाडी लागताच तिनं खिडकीतून रुमाल टाकला. मग धावत वर चढली, खिडकीत बसली, आणि तोच रुमाल उचलून शेजारच्या जागेवर ठेवला.

अर्धं तिकीट झाल्यापासून बायांची गर्दी दुप्पट झाली आहे. बघता बघता गाडी भरली. धम्मशीलाचा पत्ता नव्हता. आठ वाजून दहा झाले. एक म्हातारी वर आली, कडेवर तुरीच्या शेंगांची थैली. ती रेणुकाजवळ थांबली.

"ही जागा कोणाची वं?"

"धरलेली आहे, आजी."

"ते दिसते. रुमाल हाय. पण येणार कोण हाय? सव्वाआठ झाले. मालक नाही आला तर मी बसीन न."

तिचं म्हणणं रास्त होतं. रुमालालाही मुदत असते. ड्रायव्हर चढला की मालकाचं नाव सांगावं लागतं. ड्रायव्हर चढत होता.

"मैत्रीण आहे," रेणुकाच्या ओठांवर आलं. तेच येत आलं होतं, अकरा वर्षं. गाडीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या, किंवा तिला तसं वाटलं. पाय थरथरत होता. पुढची सीट त्याबरोबर हलत होती.

"आजी," ती म्हणाली, आणि नोकरीसाठी घासून घासून गुळगुळीत केलेली भाषा कुठंतरी गळून पडली. "ती... माहं प्रेम हाय तिच्यावर. ती येऊन राह्यली. तिची जागा हाय."

म्हातारीनं हे ऐकलं. थैली एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. थोडा विचार केला.

"मंग बलाव न बाई तिले लवकर," ती म्हणाली. "गाडी सुटते."

आणि ती मागच्या सीटकडे गेली.

रेणुकानं बोलवायला खिडकीबाहेर डोकं काढलं. धम्मशीला बरोबर खिडकीखाली उभी होती. हातात कागदात बांधलेल्या दोन कचोऱ्या होत्या; कागदाला तेल सुटलं होतं, म्हणजे ती बराच वेळ तिथं होती.

"किती वेळची उभी आहेस?" रेणुकानं विचारलं. 'तुम्ही' कुठं गेलं, ते दोघींनी शोधलं नाही.

"तू रुमाल उचलून शेजारी ठेवला, तवापासून."

"मग चढली काऊन नाही?"

"आजीनं चांगला प्रश्न विचारला होता. म्हणलं, उत्तर आईकून चढाव."

कंडक्टरनं बेल मारली. धम्मशीला धावत वर आली, शेजारी बसली आणि पिवळा रुमाल काढून पांढऱ्यावर ठेवला. मग तिनं पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून काहीतरी काढून रेणुकाच्या तळहातावर ठेवलं. कापसाचा पुंजका. चार आठवड्यांत तो चपटा झाला होता.

"हा तुहा हाय," ती म्हणाली. "जपून ठेवला होता."

मागच्या सीटवरून एक हात पुढे आला. मुठीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या.

"घ्या वं पोरीहो. दोघी मिळून खा."

गाडी सुटली. बोथा आला, आणि गेला. कोणी उठलं नाही, कोणी सरकलं नाही. जंगल लागलं तरी रेणुका बाहेर पाहत नव्हती.

पाय मात्र हलत होता. रेणुकानं खाली पाहिलं, मग हळूच दोन बोटं त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

या वेळी पाय धम्मशीलाचा होता.